हंसांच्या सुट्टीतला पासवर्ड

शाळेच्या जिन्यापाशी मिरँडाने काढलेलं चित्र लावलेलं होतं. चांगलं दारभर मोठं. कोल्ह्याच्या तोंडात किल्ली, बिळाबाहेर गारठलेला ससा आणि खाली ठसठशीत अक्षरांत: "पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. कुणाच्या हाती देऊ नका." नोरीनबाईंनी त्याला पहिलं बक्षीस दिलं होतं आणि मिरँडा हिवाळाभर तो जिना गरज नसतानाही चढत-उतरत होती.

त्याच चित्राखाली उभं राहून, हंसांच्या सुट्टीच्या आदल्या दुपारी, तिने आपला पासवर्ड एका अनोळखी माणसाला देऊन टाकला.

तिला विचाराल तर तिचंही एक म्हणणं होतं. हे काही पासवर्ड देणं नव्हतं. ही स्ट्रीक होती!

स्ट्रीक म्हणजे जिवापाड जपायची चीज. फोनवरच्या एका ॲपवर दोघींनी एकमेकींना रोज एक तरी फोटो पाठवायचा. छताचा चालतो, मोज्याचा चालतो, नाकाच्या शेंड्याचाही चालतो. खंड पडला नाही की नावापुढे आगीचं चिन्ह येतं आणि दिवसांचा आकडा फुगत जातो. एक दिवस चुकला की आग विझली, आकडा गेला, पुन्हा शून्यापासून सुरुवात. शाळेत लोकांची प्रेमं मोडली तर चार दिवसांत विसरली जातात, पण स्ट्रीक मोडली की वर्षभर टोमणे.

आणि हंसांची सुट्टी जणू या आगींवर पाणी ओतायलाच येते. वसंतात रानहंस उत्तरेकडे परतायला लागले की कॅनडात जेम्स बेच्या काठावरच्या त्या क्री आदिवासींच्या गावात शाळेला कुलूप लागतं आणि अख्खं गाव उठून आपापल्या कॅम्पवर जातं. कॅम्पवर हंस असतात, चिखल असतो, धूर असतो. रेंज नसते. म्हणून मुलं गावात मागे राहणाऱ्या कुणाला तरी पासवर्ड देऊन जातात. हे सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त मोठ्यांना नाही. इतकी वर्षं हे काम शॉनाकडे होतं, कारण तिची आई दवाखान्यात नर्स आणि तिला कधी सुट्टी मिळायची नाही. शॉना रोज सकाळी अर्ध्या शाळेच्या नावाने आपल्या मांजराचे फोटो पाठवायची. यंदा नेमकी तिच्या आईला सुट्टी मिळाली.

"बघ, दुसऱ्याचं बरं झालं की आपलं वाटोळं," ट्रिना म्हणाली. ट्रिना म्हणजे मिरँडाच्या वर्गातली, शेजारच्या बाकावरची, आणि सर्वांत लांब स्ट्रीकमधली दुसरी अर्धी. "आता काय करायचं गं? आपली मेली तर मी जेवणार नाही."

"तू? जेवणार नाहीस? हंस भाजलेला असताना?"

"बरं, कमी जेवीन. पण हे बघ." ट्रिनाने फोन पुढे केला. "माझ्या मावसबहिणीने पाठवलंय. 'आग राखणारे'. प्रवासाला निघालात, शिबिराला चाललात, तुमच्या स्ट्रीक आम्ही सांभाळू. फुकट!"

"कोण आहेत हे?"

"असतील कुणी कॉलेजातली. हजारो लोकांनी छान छान लिहिलंय खाली. तू कर, मग मी करते."

'तू कर, मग मी करते' म्हटलं की मिरँडा कड्यावरूनही उडी मारेल. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग चित्राला बक्षीस मिळालं, मग वक्तृत्वात नंबर आला आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात आपल्याला न जमणारं असं फारसं काही उरलेलं नाही. तिने पासवर्ड टाकला. पलीकडून लगेच गोड उत्तर आलं: 'छान! आता तुझ्या फोनवर एक कोड येईल, तोही सांग.' तिने तोही सांगितला. वर बदामाचं चिन्ह पाठवलं. आणि निर्धास्तपणे दप्तर खांद्याला लावून, आपल्याच कोल्ह्याखालून घरी गेली.

*

कॅम्प नदीच्या मुखाशी होता. दोन प्लायवूडच्या खोल्या, एक मोठा तंबू, आत स्प्रूसच्या फांद्यांची ओली-गोड वासाची जमीन. तंबूच्या मधोमध शेकोटीपुढे दोरीला टांगलेला हंस गरगरत असायचा आणि आजी, म्हणजे कूकम, त्याला अधूनमधून बोटाने गिरकी द्यायची. आजोबा, मोशूम, या किनाऱ्यावरच्या शिकारीचे म्होरके. कधी बार काढायचा, कुठे काढायचा, कधी नुसतं चहा पीत बसायचं, हे ते ठरवणार. वारा पडला की बारीक आवाजही लांब जातो आणि हंस बिथरतात, म्हणून तेव्हा बंदूक नाही, हातोडा नाही, जनरेटर नाही, लाल टोपी नाही. मोठ्याने शिंक आली तरी मामा स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसायचा.

मामा म्हणजे रॉडरिकमामा. त्याचा जीव यंदा कॅम्पवर नव्हताच. मामी दिवस भरत आल्यामुळे दक्षिणेला, मोठ्या दवाखान्याच्या गावी जाऊन बसली होती. म्हणून मामा दिवसाआड स्नोमोबाईल घेऊन मागच्या टेकडीवर चढायचा, कारण तिच्या माथ्यावर, एका वाकड्या झाडाला टेकून उभं राहिलं तर फोनला रेंजची एक काडी मिळायची. तिथून तो एकच प्रश्न विचारायचा, म्हणून कूकमने टेकडीचं नावच 'झालं-का टेकडी' ठेवलं होतं.

यंदा मिरँडाला पहिल्यांदा आडोशात बसून हंसांना साद घालायची परवानगी मिळाली होती. फांद्यांच्या आडोशापुढे मोशूम काळे रंगवलेले लाकडी हंस मांडत होते.

"मान खाली घातलेले पुढे ठेव," ते म्हणाले. "चरणारा दिसला की वरच्याला वाटतं, सगळं ठीक दिसतंय, आपलीच माणसं आहेत."

मग थवा दिसला. मिरँडाने ओठ दुमडले, घसा सैल सोडला आणि साद घातली. अशी घातली की मामाने तिच्याकडे वळून बघितलं. थव्याने दिशा बदलली! एक घिरटी, दुसरी घिरटी, पाय खाली सोडलेले, आता उतरणार, आता उतरणार... आणि एकदम पुढचा एक हंस कर्कश ओरडला. वेगळंच ओरडला. क्षणात सगळा थवा वर उचलला गेला आणि दिसेनासा झाला.

मिरँडाचं तोंड इवलंसं झालं. मोशूम मात्र खुदखुदत होते.

"तुझी साद चांगली होती. पण तो म्हातारा हंस असणार. मागे कधीतरी फसलेला. फसलेला असा ओरडतो, मग बाकीचे वाचतात."

"मग आपण उपाशी," मामा म्हणाला.

"कालचा अर्धा शिल्लक आहे. रडू नकोस," मोशूम म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मामा टेकडीवर निघाला तशी मिरँडाही मागे बसली. म्हटलं, बघू तरी आपल्या आगी कशा धगधगताहेत.

वाकड्या झाडापाशी मामा एका बाजूला, ती दुसऱ्या. मामा ओरडत होता, "झालं का? काय? पिझ्झा? पिझ्झा खातेयस? अगं पण झालं का?" आणि इकडे मिरँडाचा फोन हातात भुंग्यासारखा गुणगुणायला लागला.

आधी तिने ॲप उघडलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. आपलाच पासवर्ड चुकीचा कसा असेल?

मग मेसेज दिसायला लागले. ट्रिनाचा होता, तिच्या कॅम्पजवळच्या रस्त्यावरून पाठवलेला: "मिरँडे, 'आग राखणारे'ला मी काही दिलंच नव्हतं, पण तू गाण्याच्या स्पर्धेत मत मागितलंस म्हणून तुला कोड पाठवला आणि आता माझंच अकाउंट उघडत नाहीये. काय केलंस तू???"

मिरँडाने कुठल्या स्पर्धेत मत मागितलं होतं? कुठल्याच नाही.

त्याखाली डेझी. डेझी म्हणजे तिची धाकटी चुलतबहीण, अकरा वर्षांची, जिच्या लेखी सूर्य मिरँडाच्या परवानगीने उगवतो. बाबांच्या फोनवरून तिने लिहिलं होतं: "ताई तू मत मागितलंस ना मी देणार! कोड येतो तेवढ्यात इथली रेंज जाते. उद्या सकाळी बाबा पेट्रोल आणायला मोठ्या रस्त्यावर नेणार आहेत तेव्हा पक्का पाठवते. तूच जिंकणार!!!"

आणि सर्वांत खाली एक अनोळखी नंबर.

"तुझं अकाउंट माझ्याकडे आहे. एलियटसाठीचं गाणंही पाहिलं. मजेदार आहेस. कुणाला एक शब्द बोललीस तर तो व्हिडिओ तुझ्या ओळखीच्या प्रत्येकाला जाईल. कुणी विचारलंच तर सांग, मेसेज तूच पाठवतेयस. गप्प राहा."

मिरँडाच्या पायाखालची टेकडी सरकली.

तो व्हिडिओ! तो तिने 'फक्त माझ्यासाठी' अशा कुलूपबंद कप्प्यात ठेवला होता. एलियट म्हणजे खाडीपलीकडच्या कॅम्पवरचा, शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर, वर्षभरात तिच्याशी एकूण चार वाक्यं बोललेला मुलगा. आणि व्हिडिओत ती होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून, केसांचा ब्रश माईकसारखा धरून, स्वतः रचलेलं गाणं गाताना. त्यात 'एलियट, थंडीत तुझे कान लाल होतात, आणि माझ्या हृदयाचे वाजतात बारा' अशी ओळ होती. मधेच ती हंसाची साद घालत होती. मनापासून. डोळे मिटून.

तिने घाईघाईने डेझीला लिहिलं, 'कोड पाठवू नकोस, ती मी नाही.' मेसेजपुढे गोल गोल फिरत राहिलं. गेला नाही. पुन्हा दाबलं. थंडीमुळे बॅटरीने एकदम मान टाकली आणि पडदा काळा झाला.

"मामा, तुझा फोन दे! पटकन!"

"माझा?" मामाने फोन कानापासून दूर धरून हलवला. "पिझ्झा म्हणता म्हणता मेला. चल, वारा पडतोय, फोन भरायला जनरेटरही लावता येणार नाही आज. काय गं, चेहरा का असा? भूत बघितलंस?"

"काही नाही," मिरँडा म्हणाली.

*

'काही नाही' हे दोन शब्द बोलायला सोपे आणि सांभाळायला महाकठीण. तंबूत आई आणि कूकम हंसांची पिसं काढत बसल्या होत्या. मिरँडानेही एक मांडीवर ओढला. तिचे हात चालत होते आणि डोकं गरगरत होतं. गप्प राहिलं तर व्हिडिओ राहतो कुलपात. पण डेझी उद्या सकाळी कोड देणार. डेझीच्या नावाने मग पुढच्या लहान मुलांना मेसेज जाणार, आणि त्यांनी पुढच्यांना. बोललं तर डेझी वाचते आणि मिरँडा मरते. लाजेने कुणी मेल्याचं ऐकिवात नव्हतं, पण आपण पहिले ठरू अशी तिची खात्री होती.

"पोरी," कूकम म्हणाली, "तो हंस आधीच मेलाय. त्याला पुन्हा का मारतेयस?"

मिरँडाने खाली बघितलं. एकाच जागी ओढून ओढून तिने कातडं फाडलं होतं. आणि मग तिला रडूच कोसळलं. पिसं नाकाला चिकटली, ती शिंकली, पुन्हा रडली आणि सगळं सांगून टाकलं. स्ट्रीक, शॉना, कोल्हा, कोड, ट्रिना, डेझी, तो नंबर. एलियटचं गाणंही, पण ते इतक्या हळू की आईला दोनदा विचारावं लागलं.

आईचं तोंड आधी उघडं राहिलं, मग घट्ट मिटलं, मग जे उघडलं!

"पासवर्ड दिलास? मिरँडा! दात घासायचा ब्रश देतेस का कुणाला? स्वतःच्या बक्षिसाच्या चित्राखाली उभी राहून?"

"बरोब्बर खाली."

"हा कोण माणूस?" कूकमने विचारलं. "कुठल्या गावचा?"

"माहीत नाही, कूकम. कुठलाही असेल."

"आपल्या ओळखीचा नाही?"

"नाही."

"मग त्याने तुझं गाणं पाहिलं तर त्याला काय कळणार? एलियटचे कान कुठे माहितीयत त्याला?"

आईला हसू फुटलं आणि त्या हसण्याबरोबर तिचा रागही थोडा ओसरला. तिने हाताची पिसं झटकली, मिरँडाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "बरं झालं सांगितलंस. ऐक, चूक तुझी आहे, पण लबाडी त्याची आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीबद्दल मी तुला गावी गेल्यावर सवडीने बोलेन. आत्ता आधी डेझी."

"कशी? फोन बंद. त्यांचा कॅम्प दिवसभराच्या वाटेवर."

आईने मान वळवून तंबूच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे फळीवर रेडिओ होता. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कॅम्पला एक. संध्याकाळी जेवणं आटोपली की सगळे एकाच लहरीवर जमतात. कुणी काय मारलं, बर्फ कुठे पातळ झालाय, कुणाची साखर संपली. तिथे कानगोष्ट नावाचा प्रकार नाही. एकाने बोललेलं पंचवीस तंबूंत ऐकू जातं.

"मी सांगते रेडिओवर," आई म्हणाली. "तुझं नावही नको. नुसतं म्हणते, मुलांनो, कोड कुणाला देऊ नका."

हे ऐकून मिरँडाला इतकं हलकं वाटलं की ती क्षणभर 'हो' म्हणणारच होती. मग तिने नाक पुसलं.

"नाही चालणार, आई. मोठ्या माणसांनी सांगितलं की पोरं म्हणतात, झालं यांचं सुरू. मेसेजवर माझं नाव आहे. डेझीला वाटतंय मीच मागतेय. मग नको म्हणणारीही मीच पाहिजे."

"मग एवढंच सांग. गाण्याचं कशाला?"

"कारण तेच तर आहे त्याच्याकडे. दुसरं काहीच नाहीये!" आणि हे म्हणताना तिचं तिलाच नवल वाटलं, कारण खरंच दुसरं काहीच नव्हतं.

*

संध्याकाळी रेडिओवर आधी हवा झाली, मग बर्फ झाला, मग क्लॅरेन्सकाकांनी आपण कसा एका बारात दोन हंस पाडले ते सांगितलं आणि त्यांच्या बायकोने मागून ते कसे पाडले नाहीत ते सांगितलं. मोशूमनी माईक घेतला, "आमची मिरँडा बोलणार आहे" एवढंच म्हणाले आणि माईक तिच्या हाती दिला.

तिने बटण दाबलं. पाठ केलेलं सगळं उडून गेलं.

"मी मिरँडा. डेझी, ऐकतेयस ना? ट्रिना, तूही. सगळ्यांनीच ऐका. कुणीतरी माझ्या आवाजात तुम्हाला साद घालतंय. ती मी नाही. तिथे फक्त माझं नाव मांडून ठेवलंय, मान खाली घालून चरत असल्यासारखं. उतरू नका."

पंचवीस तंबूंना ते तिथल्या तिथे कळलं. हे समजावायला शाळेत पूर्ण तास लागला असता.

"स्ट्रीक राखायला म्हणून मी एकाला पासवर्ड दिला. कोडही दिला. मूर्खपणा केला. आता तो माझ्या नावाने मत मागतोय आणि कोड मागतोय. जो देतो त्याचं अकाउंट जातं. ट्रिनाचं गेलं, माझ्यामुळे. सॉरी, ट्रिना." तिने श्वास घेतला. "आणि तो म्हणतोय, मी बोलले तर माझा एक व्हिडिओ सगळ्यांना पाठवेल. तर तो येईल तुम्हाला. मीच आहे त्यात. डोक्यावर टॉवेल आहे. गाणं मीच लिहिलंय, एलियटवर. सूर सगळे गेलेले आहेत. एवढंच. ओव्हर."

बटण सोडलं. मिरँडाने डोळे मिटून घेतले.

पहिला आवाज आला तो एका म्हातारीचा, खाडीपलीकडून. "कुठला एलियट? आमचा एलियट? अरे, ऊठ की, पांघरुणात काय शिरतोस!"

आणि रेडिओ फुटला. हसू, खरखर, एकावर एक आवाज. पण मिरँडाच्या लक्षात आलं, हे हसणं वर्गातल्यासारखं टोचत नव्हतं. ते गरम होतं, चहासारखं. मग त्यातून डेझीच्या बाबांचा आवाज वर आला: "मिरँडा, डेझी इथे उड्या मारतेय. म्हणते, पाठवणार नाही, मरेन पण पाठवणार नाही. थँक यू, बाळा."

मग एक मुलगा, चाचरत: "मी... मी पण दिलाय पासवर्ड. त्याच आग राखणाऱ्यांना." मग एक मुलगी: "मीही." मग आणखी एक. आणि मग क्लॅरेन्सकाका, घसा खाकरून: "मी गेल्या वर्षी ट्रकचं बक्षीस लागलं म्हणून बँकेचा कोड सांगितला होता. कुणाला बोललो नव्हतो."

"मला पण नाही बोललास?" मागून त्यांची बायको. त्यानंतर क्लॅरेन्सकाका बराच वेळ रेडिओवर ऐकू आले नाहीत.

शेवटी नोरीनबाई आल्या. त्यांचा कॅम्प मोठ्या रस्त्यालगत होता, तिथे रेंज मिळायची. "मिरँडा, तो धमकीचा मेसेज पुसू नकोस, तो पुरावा आहे. त्याला उत्तरही देऊ नकोस, काही म्हणजे काहीच. ज्यांनी ज्यांनी पासवर्ड दिलाय त्यांनी आत्ता मला नावं सांगा, मी उद्या सकाळी पोलिसांना आणि त्या ॲपवाल्यांना कळवते. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर पहिली रेंज मिळताच तो बदला, आणि पासवर्ड व कोड असं दुहेरी कुलूप लावा." मग म्हणाल्या, "आणि शॉना, तू ऐकत असशील. दर सुट्टीत सगळ्या मुलांच्या नावाने एकाच मांजराचे फोटो फिरायचे, मला काय कळत नव्हतं? मीच तेव्हा बोलायला हवं होतं."

ट्रिना सर्वांत शेवटी आली. "मिरँडे, तुझ्यावर मी भयंकर चिडलेय. गावी आल्यावर मला तुझ्या हातच्या गोड बॅनक-रोट्या पाहिजेत. ढीगभर. ओव्हर."

*

दुसऱ्या दिवशी जरा वारा होता, जनरेटर चालला, फोन भरले. टेकडीवर या वेळी तिघे गेले: मामा, आई आणि मिरँडा. माथ्यावर फोन गुरगुरला. त्याने खरंच व्हिडिओ पाठवला होता, ज्यांना ज्यांना पोचेल त्यांना. त्याखाली त्याचा नवा मेसेज: "सांगितलं होतं ना!"

आईचा पारा चढला. "आण इकडे तो फोन. मी याला असं सुनावते, असं सुनावते..."

"उत्तर द्यायचं नाही, आई."

"एकच ओळ!"

"एकही नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवते मेसेजचा, नोरीनबाईंना पाठवते आणि त्याचा नंबर ब्लॉक करते. बस."

आई फोनकडे आणि मग पोरीकडे बघत राहिली. मिरँडाने दोघांदेखत सगळं केलं, मग ईमेलचा पासवर्ड बदलला, नवा असा लांबलचक घेतला की मामा म्हणाला, "हे तर माझ्या सासऱ्यांच्या भाषणाएवढं आहे." मामीचं अजून झालं नव्हतं. ॲपवाल्यांचं उत्तर आलं होतं की तक्रार पोचली, अकाउंट गोठवलं आहे, परत मिळायला वेळ लागेल. आगी सगळ्या विझल्या होत्या. मिरँडाने पोटात दुखेल म्हणून वाट बघितली. दुखलं, पण भूक लागल्यावर दुखतं तेवढंच.

व्हिडिओ पाहिलेल्यांची उत्तरंही आली होती. शॉनाने लिहिलं होतं, "टॉवेल छान आहे. पासवर्ड मागू नकोस." दुसऱ्या कुणी, "हंसाची साद गाण्यापेक्षा सुरात आहे." आणि एकाने वाईटसाईट लिहिलं होतं, ते वाचताना तिचे कान तापले. ते तिने आईला दाखवलं. आईने वाचलं, "हं" म्हणाली, आणि तिघे खाली उतरले.

त्या संध्याकाळी रेडिओवर हवा झाली, बर्फ झाला. क्लॅरेन्सकाकांनी आज हंसांबद्दल काहीच फुशारकी मारली नाही. मग बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली, कुणीतरी बटण दाबून धरलंय आणि बोलत नाहीये अशी. मागून म्हातारीची कुजबुज, "बोल की, बॅटरी जाते!"

"मी एलियट," आवाज आला. "मिरँडा आहे का? म्हणजे, मला पण आला तो व्हिडिओ. आम्ही रस्त्यावर गेलो होतो, तेव्हा. मी पूर्ण नाही बघितला. म्हणजे तो तू पाठवलेला नव्हतास ना, म्हणून बंद केला." श्वास. "पण सुरुवातीचं ऐकू आलं. कानांचं. मला विचारायचं होतं, त्याला पुढचं कडवं आहे का? ओव्हर."

तंबूत कूकमचा हात हंसाच्या दोरीवर थांबला. मामाने उशीत तोंड खुपसलं. आईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्याच तंबूंनी तसंच केलं असणार.

मिरँडाने माईक उचलला.

"आहे," ती म्हणाली. "पण ते आता कुठेही ठेवलेलं नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. ऐकायचं असेल तर खाडी ओलांडून इकडे यावं लागेल. बर्फ पक्का आहे तोवर ये. आणि टोपी घाल. ओव्हर."